चौथं वाचन कुणासाठी?

"मॅडम, परफेक्शन सोडलं तर माझं काम ढिसाळ होईल." ही धास्ती समुपदेशनासाठी आलेलं कुणी ना कुणी दर दोन-चार दिवसांनी माझ्यापुढे बोलून दाखवतंच.

सहकारी बँकेतले एक अधिकारी (तपशील बदललेत) माझ्याकडे आले, ते दातांच्या डॉक्टरांनी पाठवलं म्हणून. झोपेत दात खायचे, सकाळी जबडा आखडलेला. जोडीला ॲसिडिटी आणि तुटक झोप. "टेन्शन काही नाही हो, मला फक्त काम चोख लागतं."

"हेड ऑफिसला जाणारं पत्र किती वेळा वाचता?"

"चारदा. कधी पाचदा."

"चुका कितव्या वाचनात सापडतात?"

"पहिल्या. फार तर दुसऱ्या."

"चौथ्या वाचनात शेवटची कधी सापडली?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "आठवत नाही."

"मग चौथं वाचन पत्रासाठी असतं?"

बऱ्याच वेळाने म्हणाले, "नाही. मला भीती वाटते म्हणून."

हेच मी सांगितलं असतं, तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पाचदाच वाचलं असतं. उत्तर समोरच्याच्या तोंडून येईपर्यंत गप्प बसणं मला बऱ्यापैकी जमतं, असं म्हणायला हरकत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत (हट्टी विचार तपासून बदलायला शिकवणारी) मी मानते. काम उत्तम व्हावं ही इच्छा जरूर ठेवावी. पण 'झालंच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल' हा हट्ट धरला की शरीर रात्रभर पहाऱ्यावर बसतं. मान, जबडा, पोट, झोप सगळ्यांना ती ड्यूटी लागते.

आमचं ठरलं: रकमा आणि खाते क्रमांक खुशाल तिसऱ्यांदा तपासायचे, बाकी मजकूर दोनदाच. घालमेल होईल, होऊ द्यायची. पाठवलेलं पत्र उघडायचं नाही. पुढे एका पत्रात तारीख चुकलीच. साहेबांनी फोनवर दुरुस्त करून घेतली. "दोन मिनिटांत संपलं," हे त्यांनी जवळजवळ तक्रारीच्या सुरात सांगितलं!

जबड्याचं दुखणं कमी झालंय, रात्री दातांवर बसवायचं गार्ड अजून लावतात. तुम्हीही सुरुवात बिनमहत्त्वाच्या कामापासून करा. मात्र तपासण्यात रोज तासाहून जास्त वेळ जात असेल आणि थांबवता येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ॲसिडिटीसाठी फॅमिली डॉक्टरांकडेही जा. सगळंच मनावर ढकलू नका.