आरोग्य-शंका : प्रोस्टेटचा कॅन्सर आणि त्यानंतरची वर्षं

शंका : मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्या ऑफिसातल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याला डॉक्टरांनी 45व्या वर्षीच पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी करायला सांगितलं. काळ्या पुरुषांना हा कॅन्सर जास्त होतो म्हणे. कातडीच्या रंगाचा याच्याशी काय संबंध? माझं वय 58. मीही तपासणी करावी का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : रंगाचा संबंध नाही, पण ऐकलंत ते खरं आहे. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. अमेरिकेत साधारण आठांतल्या एका पुरुषाला आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो, कृष्णवर्णीयांत सहांतल्या एकाला. त्याने दगावण्याचं त्यांचं प्रमाण गोऱ्यांच्या दुप्पट आहे. यातला काही भाग आनुवंशिक. आठव्या गुणसूत्राच्या एका भागातले जोखीम वाढवणारे बदल आफ्रिकी वंशाच्या लोकांत जास्त सापडतात. बाकीची कारणं समाजातली : विमा नाही, निदान उशिरा, शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन वेळेवर मिळत नाही. त्यात दवाखान्यांवरचा जुना अविश्वास. अमेरिकेतल्या टस्कीगी गावी 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या काळ्या पुरुषांना उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं होतं. ते तो समाज विसरलेला नाही.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत मात्र सगळ्यांना सारखी सोय मिळते. त्या रुग्णालयांतल्या सुमारे 60 हजार रुग्णांचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात काळ्या रुग्णांचं या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त निघालं नाही. वेळेवर तपासणी आणि उपचार घेणं कोकणातल्या माणसानेही मनावर घ्यावं असं आम्हाला कळकळीने वाटतं. इथेही बरेच रुग्ण डॉक्टरांपुढे येतात ते कंबर धरल्यावर, म्हणजे आजार हाडांत गेल्यावर.

तुम्ही एकदा पीएसए जरूर करा. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल, तर 45लाच करायला हवी होती. घरात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण बीआरसीए-2 हा जनुकदोष दोन्हीकडे असतो. रक्त देण्याआधी दोन दिवस सायकल, मोटरसायकल आणि संभोग टाळा. लघवीला जंतुसंसर्ग झाला असेल तर बरा झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबा, नाहीतर आकडा उगाच फुगतो. उलटी चूक जास्त घातक. प्रोस्टेट वाढल्याबद्दल फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी सहा महिन्यांहून जास्त चालू असेल, तर पीएसए निम्मा दिसतो. रिपोर्टात 3 आला तर तो 6 समजायचा. ही गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना न विसरता सांगा. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही. 4 ते 10च्या दरम्यान असलेल्या साधारण चौघांतल्या एकालाच तो निघतो. आधी एमआरआय, मग गरज पडली तरच बायॉप्सी.

शंका : यांचं प्रोस्टेट काढण्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. नळी काढल्यापासून लघवी गळते. खोकला आला की लुंगी भिजते. देवळात नाही, बाजारात नाही, कुणाशी बोलतही नाहीत. हे कायमचं का?
– एक भगिनी, हर्णे

उत्तर : बहुधा नाही. ताई, बहुतेकांचं गळणं तीन महिने ते वर्षभरात आटोक्यात येतं. त्यासाठी स्नायूंना कामाला लावावं लागतं. चारचौघांत वारा अडवताना आपण जो स्नायू आवळतो, तोच तो. तो आवळून दहापर्यंत मोजायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला पाचपर्यंतच जमेल, चालेल. पोट, मांड्या, कुल्ले ढिले ठेवायचे आणि श्वास रोखायचा नाही. बरेचजण पोट आवळून बसतात आणि म्हणतात उपयोग होत नाही. खोकला, शिंक किंवा कळशी उचलणं यांच्या क्षणभर आधी आवळायचं, ही सवय सगळ्यांत कामाची. लघवी मधेच थांबवण्याचा सराव मात्र रोज करू नये.

गळतं म्हणून पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं. चहा कमी करा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. पावसाळ्यात फडकी वाळत नाहीत आणि ओलसर फडक्याने जांघेत चिघळतं, तेव्हा पुरुषांसाठीचे पॅड वापरा. दिवसाला किती लागले ते कॅलेंडरवर लिहा. चारांचे दोन झाले की त्यांनाच धीर येईल. धार बारीक होत गेली, ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच सर्जनकडे जा. वर्षानंतरही गळत राहिलं तर त्यावर शस्त्रक्रिया आहे.

शरीरसंबंधाबद्दल ते आपणहून विचारणार नाहीत, पण त्यावरही गोळ्या आणि इंजेक्शनं आहेत. हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर त्या गोळ्या अजिबात नाहीत. अमेरिकेचे तेव्हाचे कृष्णवर्णीय संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी डिसेंबर 2023मधलं हेच ऑपरेशन राष्ट्राध्यक्षांपासूनही लपवलं होतं. नंतर त्यांनी जाहीर माफी मागितली आणि आपल्यासारख्या पुरुषांनी तपासणी करावी असं आवाहन केलं. यांना ते जरूर सांगा.

पीएसए सहा ते आठ आठवड्यांनी करायचा असतो, म्हणजे आत्ताच. तो 0.1च्या खाली हवा. दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. लागोपाठ दोनदा 0.2 किंवा जास्त आला तर आजार परतल्याचं धरतात. रेडिएशन झालेल्यांना हा निकष लावू नये.

शंका : वडील 72 वर्षांचे, आजार हाडांत आहे. हार्मोन दाबणारं तीन महिन्यांचं इंजेक्शन लावणीच्या गडबडीत महिनाभर लांबलं. चालेल का? पाठही दुखते, मालीश करून घेऊ का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : नाही, दोन्ही नाही. इंजेक्शन लांबलं की पुरुषी हार्मोन पुन्हा चढतं आणि कॅन्सरला खाद्य मिळतं. या आठवड्यातच द्या. दर तीन महिन्यांची फेरी झेपत नसेल, तर वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया हा एकदाचा पर्याय आहे. कॅन्सरवरचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. अबिराटेरॉन ही कॅन्सरची गोळी चालू असेल तर ती जेवणानंतर दोन तासांनी घ्यायची आणि नंतर तासभर काही खायचं नाही. जेवणाबरोबर घेतली तर औषध रक्तात प्रमाणाबाहेर चढतं.

या उपचाराने हाडं ठिसूळ होतात, स्नायू झिजतात, साखर वाढते. नाचणीची भाकरी आणि काट्यासकट खाल्लेली तारली यांतून कॅल्शियम मिळतं. दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम हवं. रोज चालणं आणि हात न टेकता खुर्चीतून उठण्याचा व्यायाम ठेवा. हाडांसाठीचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सुरू करण्याआधी दात तपासून घ्या.

पाठ चोळायला किंवा हाड बसवायला कुणाकडेही नेऊ नका. पाठदुखीबरोबर पायांत कमजोरी आली, बधिरपणा आला किंवा लघवी-संडासचा ताबा गेला, तर मणक्यात मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता गाडी काढा आणि एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. पोचल्याबरोबर प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचं सांगा.