वाचकांचे प्रश्न : दारातली मोटार मैदानात पळत होती तेव्हा

प्रश्न : आर्वी तालुक्यातील एका गावात माझे ट्रॅक्टर आणि चारचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. वडील ऐन उमेदीत शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, धुरकरी होते. रात्री काम आटोपल्यावर मी मोबाइलवर अमेरिकेतल्या नॅसकारच्या, म्हणजे स्टॉक कारच्या, जुन्या शर्यतींच्या चित्रफिती पाहतो आणि बाबाही शेजारी येऊन बसतात. आताच्या शर्यती लावल्या की दहा मिनिटांत कंटाळा येतो. बाबा म्हणतात, "पटाचंबी तसंच झालं, पहिल्यासारखी मजा नाही राह्यली." जुना काळ खरोखर सरस होता, की गेलेले सगळेच गोड वाटते म्हणून आम्हाला तसे वाटते?
— एक वाचक, जिल्हा वर्धा

उत्तर : बाबा शेजारी बसून या चित्रफिती पाहतात हे वाचून फार बरे वाटले, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांच्याजवळच आहे. लहानपणी तळेगाव दशासरच्या पटाला मी वडिलांच्या खांद्यावर बसून जात असे. जोडी सुटली की आधी नुसती धूळ दिसायची, मग त्या धुळीतून बैलांच्या माना आणि छकड्यावर जवळजवळ आडवा झालेला धुरकरी, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सारे पुढे निघून जायचे. पण तेवढ्यात भोवतालच्या माणसांनी जोडी कोणाची, बैल कोणत्या बाजारातले, त्यांतला डावा गेल्या पेरणीत कसा लंगडत होता, हे सगळे एकमेकांना सांगून टाकलेले असे. मैदानात धावणारी गोष्ट ही पाहणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यातली होती. स्टॉक कारच्या सुरुवातीच्या शर्यतींची गोडी मला नेमकी इथेच सापडते.

'स्टॉक' म्हणजे दुकानात विक्रीला ठेवलेला माल. शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेली नव्हे, तर शेजाऱ्याच्या दारात उभी असते तशीच मोटार मैदानात उतरवायची, हा मूळ विचार होता. बिल फ्रान्स हे व्यवसायाने मेकॅनिक. त्यांनी डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथे एका हॉटेलात शर्यतींशी संबंधित मंडळींना एकत्र बसवले, फेब्रुवारी १९४८ मध्ये या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेची रीतसर नोंदणी झाली, आणि १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे सुमारे सव्वा किलोमीटर घेराच्या मातीच्या मैदानावर अशा मोटारींची पहिली शर्यत झाली. लिंकन, हडसन, ब्युइक, ओल्डस्मोबिल अशा ज्या गाड्या लोक घरी वापरत होते, त्याच तिथे पळाल्या. ली पेटी यांनी ओळखीतल्या एकाची ब्युइक मागून आणली होती आणि ती शर्यतीतच उलटली. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा रिचर्ड तिथे हजर होता, आणि आता घरी जायचे कसे, हा त्या कुटुंबापुढचा खरा प्रश्न होता. हाच रिचर्ड पेटी पुढे २०० शर्यती जिंकला; त्यांतल्या २७ तर एकट्या १९६७ सालातल्या.

मैदानेसुद्धा अशीच, जमेल तशी उभी राहिली. दक्षिण कॅरोलायनातील डार्लिंग्टनचे मैदान हॅरोल्ड ब्रॅसिंग्टन यांनी शेतजमिनीत बांधले. जमीन देणाऱ्याने आपल्या मासळीच्या तळ्याला धक्का लावू नका असे बजावल्यामुळे एका बाजूचे वळण आखडते घ्यावे लागले, आणि त्या मैदानाचा आकार आजही अंड्यासारखा, एकीकडे निमुळता आहे. १९५० साली तिथे पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली तेव्हा ७५ मोटारी उतरल्या होत्या. जोराच्या गाड्यांचे टायर भराभर फाटत असताना जॉनी मँट्झ यांनी लहानशा प्लिमथला ट्रकचे टणक टायर लावले, ताशी सुमारे १२० किलोमीटरच्या सरासरीने ती शांतपणे पळवली आणि सहा तासांहून अधिक चाललेली ती शर्यत जिंकली. तुमच्यासारख्या मिस्त्रीने रात्री जेवताना सुचवावी, इतकी ती युक्ती साधी होती, आणि ती चालली. अशा अकलेला तेव्हा मैदानात जागा होती, म्हणूनच त्या काळाचे मला अपार प्रेम आहे.

आता आजच्या शर्यतींविषयी. तुम्हाला येणारा कंटाळा मला समजतो आणि तो मला खोटा वाटत नाही. शोरूममधली मोटार आणि मैदानातली मोटार यांचे नाते साठच्या दशकापासूनच सैल होत गेले. आजच्या मोटारीवर शेव्हरोलेट, फोर्ड किंवा टोयोटा असे नाव असले, तरी आतला सांगाडा सर्वस्वी शर्यतीसाठी बांधलेला असतो, आणि २०२२ पासून वापरात आलेल्या नव्या पिढीच्या मोटारीचे बहुतेक महत्त्वाचे भाग सर्व संघांना ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. खर्च आटोक्यात राहावा आणि चुरस टिकावी हा त्यामागचा हेतू आहे, आणि तो मला रास्त वाटतो. पण मिस्त्रीच्या हाताला त्यात फारसे काम उरलेले नाही, हेही तितकेच खरे. गॅरेज चालवणाऱ्या माणसाला ती शर्यत परकी वाटली तर दोष त्याच्या नजरेचा नाही.

मात्र एका बाबतीत मी तुमच्याशी आणि बाबांशी मोकळेपणाने असहमत होणार आहे. जुन्या चित्रफितींत जो थरार दिसतो, त्यातला मोठा भाग माणसांच्या जिवावर बेतलेला होता. जो वेदरली हे लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळवलेले चालक. आग लागल्यास पट्ट्यांत अडकून पडू, या धास्तीने ते खांद्याचा पट्टा लावत नसत. जानेवारी १९६४ मध्ये रिव्हरसाइड येथे मोटार भिंतीवर आदळली, डोके खिडकीबाहेर फेकले गेले आणि ते जागीच गेले. त्याच वर्षी मे महिन्यात शार्लट येथे 'फायरबॉल' रॉबर्ट्स यांच्या मोटारीने पेट घेतला आणि सुमारे पाच आठवडे यातना भोगून २ जुलै रोजी त्यांचा मृत्यू झाला. फुटली तरी इंधन सांडू न देणारी टाकी आणि आगीला दाद न देणारे कपडे यांचा आग्रह त्यानंतर वाढला. १९७० साली डार्लिंग्टनला रिचर्ड पेटी यांची मोटार कोलांट्या खात असताना त्यांचा हात आणि डोके खिडकीबाहेर लोंबकळताना लोकांनी पाहिले, आणि आज चालकाच्या खिडकीला जी जाळी दिसते ती त्या अपघातामुळे आली.

हे सगळे होऊनही मे २००० मध्ये रिचर्ड यांचा नातू, अवघ्या १९ वर्षांचा ॲडम पेटी, सरावात गेला. १९४९ ला ब्युइक उलटवणाऱ्या ली यांचा तो पणतू. पुढच्याच फेब्रुवारीत डेटोनाच्या शर्यतीत अखेरच्या फेरीत डेल अर्नहार्ट हे चालक गेले. तेव्हा कुठे मान जागच्या जागी धरून ठेवणारे साधन सक्तीचे झाले आणि भिंतींना धक्का शोषणारे आवरण बसू लागले. त्यानंतर नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही. हे ज्या बदलांमुळे साधले त्यांना बेचव म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पटाचेही मी असेच पाहतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाले आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत आपल्या भागातल्या गोठ्यांतून कितीतरी चांगल्या जोड्या विकल्या गेल्या, त्याचे दुःख मलाही आहे. परंतु बैलाच्या अंगात तुतारीची, म्हणजे हाकायच्या काठीची, आर टोचण्यावर जी बंदी आली ती आधीच यायला हवी होती. धुरकऱ्याचे कसब कासऱ्यात आणि हाकेत असते, हे बाबांइतके कोण जाणतो?

बाबांना एक मैदान अवश्य दाखवा. उत्तर कॅरोलायनातील नॉर्थ विल्क्सबरोचे हे मैदान १९४७ चे. पैसे अपुरे पडल्याने जमीन सपाट न करताच बांधल्याचे सांगतात, त्यामुळे तिथे एका बाजूला मोटार उतार उतरते आणि दुसऱ्या बाजूला चढ चढते. १९९६ नंतर मोठी शर्यत तिथून गेली, पायऱ्यांमधून झाडे उगवली. २०२३ साली नॅसकारच्या मोठ्या मोटारी पुन्हा तिथे पळाल्या, आणि त्या वेळी जुन्या झिजलेल्या डांबरावरच पळाल्या. आधी ९६ ची आणि मग २३ ची चित्रफीत लावा. आजची शर्यत तुम्हाला दहा मिनिटांहून अधिक वेळ धरून ठेवील असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : स्टॉक कारचे पहिले चालक दारूची चोरटी वाहतूक करणारे होते असे वाचले. हे खरे की रंगवून सांगितलेले?
— एक वाचक, जिल्हा गडचिरोली

उत्तर : सगळे नव्हते, पण पुष्कळ होते. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती आणि ती उठल्यानंतरही कर चुकवून डोंगराळ भागात हातभट्टीची दारू गाळली जात असे. ती रात्री शहरात पोहोचवणाऱ्यांना पोलिसांच्या गाडीपेक्षा वेगवान आणि दिसायला मात्र अगदी साधी मोटार लागे. आठ सिलिंडरची फोर्ड त्यांना आवडे. ज्युनिअर जॉन्सन यांना १९५६ साली वडिलांच्या भट्टीवर पकडले आणि त्यांनी सुमारे अकरा महिने तुरुंगात काढले. पुढे ते ५० शर्यती जिंकले, आणि १९८६ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना माफी दिली.

या वाहतुकीची खूण मोटारीच्या मागच्या कमानपाट्यांत, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या वाकड्या लोखंडी पाट्यांत, दिसे. आपल्याकडच्या काळी-पिवळीचे उदाहरण घ्या. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवत असताना मी अशा कितीतरी जीपखाली आडवा झालो आहे. पंधरा माणसे बसली तरी गाडी मागे बसू नये म्हणून एखादा पाटा वाढवलेला असतो, आणि मग रिकामी जीप मागून उंच, पुढे वाकल्यासारखी दिसते; पाट्यांच्या फटीत चिकटलेली माती खरवडली की नवा पाटा कोणता ते चटकन ओळखू येते. दारूने भरलेली मोटार पोलिसांना बसलेली दिसू नये म्हणून तिथेही हेच करत. १९४९ च्या ज्या शर्यतीविषयी वर लिहिले, तिच्यात ग्लेन डनवे पहिले आले होते. तपासणीत त्यांच्या फोर्डचे मागचे पाटे असेच बदललेले निघाले, त्यांना बाद केले आणि कॅन्ससहून आलेल्या जिम रोपर यांना विजेते ठरवले. मोटारीचा मालक न्यायालयात गेला, पण तिथे तो हरला. नियम मोडला तर जिंकलेलाही बाद होतो, हे पहिल्याच दिवशी ठरले, आणि ते योग्य झाले.

दारूबंदीच्या जिल्ह्यात राहत असल्याने या धंद्याने घरांची काय दशा होते हे तुम्ही पाहिलेच असेल. म्हणून त्या माणसांच्या हाताची तारीफ करावी, त्यांच्या मालाची करू नये.

प्रश्न : त्या जुन्या काळात सर्वांना मैदानात उतरता येत होते का? तळेगावच्या पटात आता बायाही छकडा हाकतात, म्हणून विचारते.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जिल्हा यवतमाळ

उत्तर : स्त्रियांना दार अगदीच बंद नव्हते. शार्लटच्या त्या पहिल्याच शर्यतीत सारा ख्रिश्चन या चालक होत्या. वर्णाच्या बाबतीत मात्र तो काळ निष्ठुर होता, आणि जुन्या आठवणी काढताना ही गोष्ट वगळणे मला पटत नाही.

व्हर्जिनियातील डॅनव्हिलचे वेंडेल स्कॉट हे कृष्णवर्णीय चालक आपली मोटार स्वतः दुरुस्त करत. मदतीला त्यांची मुले असत. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनविल येथे ते शर्यत जिंकले, पण विजेते म्हणून बक बेकर या गोऱ्या चालकाचे नाव पुकारले गेले आणि करंडकही त्यांनाच दिला. फेऱ्या मोजण्यात चूक झाली आणि स्कॉट प्रत्यक्षात दोन फेऱ्यांनी पुढे होते, हे प्रेक्षक निघून गेल्यावर मान्य झाले. बक्षिसाची रक्कम मिळाली, पण तो करंडक त्यांच्या हाती कधीच आला नाही. १९९० साली ते वारले, २०१५ मध्ये नॅसकारने आपल्या सन्मानदालनात त्यांचे नाव घेतले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे शर्यतीनंतर ५७ वर्षांहून अधिक काळाने, डेटोनाच्या मैदानावर त्यांच्या कुटुंबीयांच्या हाती त्या विजयाचा करंडक देण्यात आला.