जपानी सुरीची धार आणि सुरीचं पाणी

प्रश्न असा आहे: जपानी किचन नाइफबद्दल मराठीत लिहिताना कोणीतरी 'या सुरीला पाणी चांगलं आहे' असं लिहिलं, तर ते 'धार चांगली आहे' हेच जरा जुन्या भाषेत झालं का? आणि तसं नसेल तर सुरी विकत घेणाऱ्याला या फरकाचं काय करायचंय?

दोन्ही एक नाहीत. आणि विकत घेणाऱ्याला माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग याच फरकाचा आहे, कारण दुकानात दिसते ती धार आणि आपण पैसे मोजतो ते पाण्याचे.

धार म्हणजे पात्याची कड किती बारीक आणि किती साफ घासलीय ते. ती वापरून जाते, परत लावता येते, आणि कुठल्याही स्वस्त सुरीलाही लावता येते, त्यामुळे व्हिडिओत टोमॅटो अलगद कापून दाखवतात किंवा कागद सर्रकन फाडून दाखवतात त्यावरून फक्त एवढंच कळतं की त्या दिवशी त्या सुरीला धार होती. पाणी ही आतली गोष्ट. लोहार लाल तापलेलं पातं पाण्यात बुडवतो आणि त्या एका क्षणात पोलाद कडक होतं, ते 'पाणी देणं' किंवा 'पाणी पाजणं'. पुढे प्रक्रियेचं नाव गुणालाच लागलं, म्हणून पाणीदार तलवार, आणि म्हणून माणसाचं पाणी जोखणं. शब्द फार जुना आहे हो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्यक्रियेच्या शस्त्रांची 'पायना' सांगितलीय, म्हणजे शब्दशः पाजणंच, आणि ती तीन प्रकारची: क्षारात, पाण्यात आणि तेलात. कुठलं शस्त्र कशात पाजायचं हेही दिलंय, आणि नीट परजलेलं शस्त्र केस कापतं ही धारेची परीक्षा त्याच अध्यायात वेगळी येते. म्हणजे पाणी आणि धार या दोन गोष्टी आहेत हे आपल्याकडे तेव्हापासून माहीत आहे.

जपानीतही हे वेगळंच आहे. पाणी देण्याला याकी-इरे म्हणतात. सुरी किती छान कापते त्याला किरेआजी, म्हणजे कापण्याची चव, आणि किती काळ छान कापत राहते त्याला नागागिरे. पहिलं धारेवर ठरतं, दुसरं बरंचसं पाण्यावर.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे ओसाकाजवळचं साकाई. तिथल्या परंपरेत पातं घडवून पाणी देणारा कारागीर वेगळा, धार काढणारा वेगळा आणि मूठ बसवणारा तिसराच. म्हणजे एकाच सुरीचं पाणी एका माणसाचं आणि धार दुसऱ्याची! पाणी देणारा भट्टीची जागा मुद्दाम अंधारी ठेवतो कारण तापलेल्या पोलादाचा रंग बघूनच तापमान ओळखायचं असतं, साध्या कार्बन पोलादाला ते साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास लागतं, थोडं कमी पडलं तर पातं नीट कडक होत नाही आणि जास्त झालं तर आतला कण जाड होऊन पातं ठिसूळ होतं. आधी पात्यावर मातीचा लेप असतो, म्हणजे ते सगळीकडे हवं तसं थंड होतं. मग पाण्यात. मग परत हलकं तापवायचं, कारण नुसतं बुडवून काढलेलं पातं काचेसारखं तडकतं.

आता आकडे. बॉक्सवर जे एचआरसी लिहिलेलं असतं ते रॉकवेल कडकपणाचं माप, हिऱ्याचं टोक दाबून किती खोल रुतलं ते मोजतात. नेहमीच्या जर्मन सुऱ्या ५६ ते ५८ च्या आसपास असतात, चांगल्या जपानी सुऱ्या ६० च्या वर, ६३ पर्यंत वगैरे. कडक पोलादाची कड जास्त बारीक कोनात घासली तरी वळत नाही, म्हणून जपानी सुरी कांद्यातून अशी जाते. पण हाच कडकपणा हाडावर, गोठलेल्या मटणावर किंवा नारळाच्या करवंटीवर मारला की धारेचे टवके उडतात, त्यामुळे जास्त आकडा म्हणजे जास्त चांगली सुरी असं अजिबात नाही, ज्या घरात एकाच सुरीने सगळं फोडतात तिथे ५७ वाली जर्मन सुरीच बरी.

पोलादाचं नाव म्हणजे पाणी नाही, इथे भरपूर लोक फसतात. शिरोगामी आणि आओगामी ही नावं तर पांढरा कागद आणि निळा कागद एवढीच आहेत, जपानमधल्या यासुगी गावच्या पोलादाच्या पट्ट्यांना ज्या रंगाचा कागद लावून द्यायचे त्यावरून पडलेली. शिरोगामी म्हणजे अशुद्धी फार कमी असलेलं साधं कार्बन पोलाद, आओगामीत त्यात टंगस्टन आणि क्रोमियम घालतात म्हणून धार जास्त टिकते, दोन्हीला गंज चढतो. व्हीजी १० हे ताकेफू या जपानी पोलाद कंपनीचं स्टेनलेस, साधारण १ टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम. पण हीच पोलादं दहा जण घेतात आणि दहा प्रकारे पाणी देतात. म्हणून नुसतं पोलादाचं नाव बघू नका, ते पाणी देणारा कोण, कारखाना कुठला, हे विचारा. ते सांगत नसतील आणि बॉक्सवर फक्त 'जपानी स्टील' असेल तर मी जास्त पैसे देणार नाही.

आणि 'दमास्कस ६७ लेयर', म्हणजे पात्यावर लाटांची नक्षी असलेली सुरी. मधे कापणारं एक पोलाद, त्याच्या दोन्ही बाजूंना ३३-३३ पदर, झाले ६७. कापतं ते मधलं एकच, लाटा बाहेरच्या पदरांच्या. त्या सुंदर दिसतात आणि त्यासाठी घ्यायच्या असतील तर खुशाल घ्या, पण पाण्याशी त्यांचा काही संबंध नाही. स्वस्तातल्या कित्येक सुऱ्यांवर तर ती नक्षी नुसती वरून कोरलेली असते, पात्याची कड जवळून बघा, खऱ्या पदरांच्या सुरीत लाटा धारेच्या थोड्या वर एका नागमोडी रेषेशी थांबतात आणि खाली मधलं पोलाद वेगळ्या रंगाचं दिसतं. (खरं जुनं दमास्कस पोलाद हे पदरांचं नव्हतंच, ते मुशीत वितळवलेलं वुट्झ, आणि ते दक्षिण भारतातून जायचं.)

आता मराठीतला फरक प्रत्यक्षात कुठे कामाला येतो ते. 'धार गेली' आणि 'पाणी उतरलं' ही दोन वेगळी दुखणी आहेत. धार गेली तर १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा) भिजवलेल्या दगडावर घासा, मग ३००० किंवा ६००० वर, परत आली. पण हीच सुरी जर कोरड्या फिरत्या चाकावर दाबून धरली, ठिणग्या उडाल्या, आणि धारेची कड निळी पडली, तर तिथलं पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. मग सुरी त्या दिवशी मस्त कापेल, आणि थोड्याच दिवसांत बोथट, परत धार लावा, परत बोथट. लोक म्हणतात सुरीच खराब निघाली. तो निळा भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय ती सुधारत नाही. जुनी जपानी सुरी सेकंडहँड घेताना म्हणून कडेचा रंग आधी बघायचा, धार नंतर.

राहिला प्रश्न होनयाकीचा, ज्याच्या किमती बघून लोक दचकतात. नेहमीच्या कासुमी सुरीत कडक पोलादाला मऊ लोखंडाची पाठ जोडलेली असते, होनयाकीत अख्खं पातं एकाच पोलादाचं. त्यातही मिझु-होनयाकी म्हणजे पाण्यात पाजलेली आणि आबुरा-होनयाकी म्हणजे तेलात पाजलेली. पाण्यात पातं झपाट्याने थंड होतं, त्यामुळे कित्येक पाती तिथेच तडकतात आणि फुकट जातात, तेलात त्या मानाने वाचतात. मिझुची किंमत जास्त असते त्यात त्या तडकलेल्या पात्यांचा वाटा असतो. मराठीत लिहिताना यांना सरळ 'पाण्यात पाजलेली' आणि 'तेलात पाजलेली' म्हणा, लोहाराच्या घरातल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.