वडिलांचं सायकल कोळपं : व्हिडिओ की पेटंट?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वडिलांनी भंगारातल्या सायकलवर कोळपं, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार केलंय, पारावर लोक हसतात, भाऊ म्हणतो यूट्यूबवर टाकू आणि तुम्ही म्हणता आधी पेटंट.

खरं सांगतो, सायकलवरचं कोळपं नवीन नाही. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी ते कधीच केलंय, बैलजोडी परवडत नव्हती म्हणून सायकलचं पुढचं चाक नि हँडल घेतलं आणि मागे पास, म्हणजे तण कापणारं पातं जोडलं, 'कृषिराजा' म्हणतात त्याला. तेव्हा नुसत्या त्या कल्पनेवर पेटंट मिळणार नाही. पण तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय ना, की आईची उंची कमी म्हणून बाबांनी सीटची दांडी रुमण्याला, म्हणजे हातात धरायच्या दांड्याला बसवली आणि आता हँडल खालीवर होतं, माझी नजर तिथेच अडकली! तण काढायचं काम आपल्याकडे बहुतेक बायका करतात आणि अवजार मात्र पुरुषाच्या उंचीचं असतं, दिवसभर वाकून कंबर जाते. बाबांनी हे बघितलं आणि सोडवलं, पारावरच्या किती जणांनी बघितलं होतं?

आता भावाला सांगा, व्हिडिओ थांबव. अर्ज करायच्या आधी वस्तू जगजाहीर झाली की 'नवीन' म्हणून दावा करणं अवघड होतं. आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज करता येतो, त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. मी स्वतः ही चूक केलीये. मामांचं पेरणीचं यंत्र मोठ्या हौसेने प्रदर्शनात नेलं, सगळं उघडून दाखवलं, पुढच्या हंगामात तालुक्यातलं एक वर्कशॉप तसंच विकत होतं आणि आमच्या हातात तारीख टाकलेला एक कागदसुद्धा नव्हता. मामा काही बोलले नाहीत पण नंतर त्यांनी नवीन काही केलंच नाही, ते मला अजून लागतं.

वकिलाकडे पैसे घालण्याआधी गांधीनगरच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनकडे पाठवा. २००० साली सुरू झालेली सरकारी मदतीवरची संस्था आहे, शिक्षण किंवा कंपनीचा आधार नसलेल्या माणसांनी केलेल्या गोष्टी तपासते आणि योग्य वाटलं तर पेटंटचा खर्चही उचलते. प्राध्यापक अनिल गुप्तांच्या 'हनी बी नेटवर्क' या गावोगावच्या कल्पक माणसांना शोधून जोडणाऱ्या चळवळीतून ती उभी राहिली, तिथे माणसाचं नाव त्याच्या कामासोबत राहावं हा आग्रह आहे.

नावाचं एवढं का म्हणतोय तर चंद्रपूरच्या नागभीड तालुक्यातले नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवतात. १९८३ मध्ये धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी जपल्या, वर्षानुवर्षं निवड केली, शेजाऱ्यांना बियाणं दिलं आणि 'एचएमटी' तांदूळ राज्याबाहेर गेला. तो भात खाणाऱ्या कितीजणांना दादाजी माहीत होते? नाव व्हायला फार वर्षं लागली, आणि २०१८ मध्ये ते गेले तेव्हाही हाती पैसा नव्हता.

म्हणून आज एक वही करा. बाबांनी पहिल्यांदा काय केलं, काय मोडलं, दांडीला क्लॅम्प का लावला, सगळं त्यांच्याच शब्दात, तारखेसकट, खाली त्यांची सही. मग शेजारच्या विश्वासातल्या एकदोन बायकांना, बाबा जवळ नसताना, दोन काकऱ्या चालवायला द्या आणि त्या कुठे अडखळतात तेही लिहा. आणि आईला विचारलंत का, तिला ते हँडल नेमकं किती उंचीवर बरं वाटतं? ते पण लिहा, कारण वापरून वापरून ते जमवलंय तिनेच, तिचंही नाव अर्जात घालता येतंय का ते संस्थेला नक्की विचारा.