बालवाडी बंद असताना: सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोविडच्या काळातल्या बालवाड्या-अंगणवाड्यांवर लेख आला होता. त्यावर सोलापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. साथ असो की सीना नदीचा पूर, दार लावायची वेळ पुन्हा येऊ शकते, असं बऱ्याच जणांनी लिहिलंय आणि ते रास्तच आहे.

प्रश्न: 2020-21 मध्ये आमच्या बालवाडीनं रोज व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ टाकले. 28 मुलांपैकी आठ-दहा घरांतूनच उत्तर यायचं. जुन्या ताई म्हणतात, पालकांनाच आस्था नव्हती. मी तेव्हा इथे नव्हते. खरंच तसं होतं का? पुन्हा वेळ आली तर काय करावं?
(बालवाडी शिक्षिका, अशोक चौक परिसर)

आस्था नव्हती असं म्हणणं या पालकांवर अन्याय आहे. घरात स्मार्टफोन एकच, आणि काम सुरू झालं की तो सकाळीच वडिलांबरोबर यंत्रमागावर नाहीतर रिक्षावर जातो. व्हिडिओ येतो सकाळी अकराला, फोन घरी येतो रात्री आठला. तोवर मेमरी भरलेली असते, दिवसाचा नेट पॅक संपलेला असतो आणि मूल पेंगुळलेलं असतं. मोठं भावंड शाळेत असेल तर फोनवर पहिला हक्क त्याचा.

राज्याच्या जुलै 2020 च्या सूचनांत पूर्वप्राथमिकसाठी सोमवार ते शुक्रवार रोज 30 मिनिटं होती, आणि तीसुद्धा पालकांशी बोलायला, त्यांना मार्गदर्शन करायला. म्हणजे खेळ शिकवायचा तो आईला, आजीला. मुलाला स्क्रीनपुढे बसवायचं नव्हतंच. ज्या बालवाड्यांनी हे ओळखलं त्यांचं काम टिकलं.

व्हिडिओऐवजी आवाजाचा निरोप पाठवा, दीड मिनिटाच्या आतला. आठवड्याला तीन पुरे. एका निरोपात एकच खेळ: काय घ्यायचं, काय करायचं, मुलाला काय विचारायचं. निरोप रात्री साडेआठला जाऊ द्या आणि खेळ दुसऱ्या दिवशी आई भाजी निवडायला बसेल तेव्हाचा असू द्या. त्या वेळी फोन घरात नसला तरी अडत नाही.

याशिवाय प्रत्येक घरी आठवड्यातून एक फोन, पाच मिनिटांचा. साध्या फोनवरही तो होतो. 28 घरं म्हणजे 140 मिनिटं. चार संध्याकाळी सात-सात घरं घेतलीत तर रोज 35 मिनिटांत उरकतं. सुरुवात घरच्या चौकशीनं करा: तब्येती, काम चालू आहे का, धान्य मिळालं का. मग मिनिटभर मुलाशी बोला. मग नवा खेळ सांगा, आणि ठेवण्याआधी तोच खेळ आईला तिच्या शब्दांत परत सांगायला लावा. कुठे अडलं ते तिथेच कळतं. आपण ‘वर्गीकरण’ म्हटलेलं असतं. तिला ‘वेगवेगळं करून ठेव’ एवढंच हवं असतं.

‘गेल्या वेळचं केलं का?’ असं विचारू नका. ती तपासणी वाटते आणि उत्तर ठरलेलं: ‘हो हो, केलं.’ त्याऐवजी ‘चणे-मसूर वेगळे करताना काय गंमत झाली?’ असं विचारा. पुरावा म्हणून फोटोही मागू नका. फोटोसाठी आई स्वतःच चित्र रंगवून देते, आणि ज्यांच्या फोनला कॅमेरा नाही ती घरं ओशाळून हळूहळू फोन उचलेनाशी होतात.

प्रश्न: लॉकडाऊनमध्ये थोरल्यासाठी बालवाडीतून पाकीट यायचं, त्यातले कागद एका दिवसात रंगवून संपायचे. आता धाकटी चार वर्षांची आहे, सुट्टीत घरीच असते. माझे दोन्ही हात दिवसभर विड्यांत. खेळणी नाहीत. काम न थांबवता तिला काय शिकवता येईल?
(एक आई, विडी घरकुल)

आधी एक महत्त्वाचं. मोजायला, खेळायला विडीची पानं किंवा तंबाखू तिच्या हाती देऊ नका. तंबाखूतलं निकोटीन कातडीतूनही अंगात जातं, आणि लहान मूल बोटं तोंडात घालतंच. तंबाखूची पूड जिकडे उडते त्या बाजूला तिला बसवू नका. तिला भरवण्याआधी, जवळ घेण्याआधी तुमचे हात साबणानं धुतलेले असू द्या.

कागद एका दिवसात संपले यात थोरल्याची चूक नाही, ती पाकिटातलीच उणीव होती. रंगवलेला कागद संपतो, वस्तू संपत नाहीत. तुमचं पाकीट घरातच तयार होईल: 20 चिंचोके, डब्यांची पाच-सहा झाकणं, हातभर सुतळी, एक खडू. घरात तीन वर्षांखालचं बाळ असेल तर मात्र चिंचोके, चणे, शेंगदाणे, मणी काही नको, घशात अडकतात. तिथे वाट्या आणि चमचेच बरे.

पाचपर्यंत म्हणता येणं वेगळं आणि पाच मोजता येणं वेगळं. तोंड ‘एक-दोन-तीन-चार-पाच’ म्हणून मोकळं होतं, बोट मात्र अजून तिसऱ्या चिंचोक्यावर असतं. रागावू नका. पाच वाट्या ओळीत मांडून द्या; एका वाटीत एक चिंचोका आणि त्यासरशी एक आकडा. चिंचोका पडल्याचा टण्ण आवाज येतो, त्या आवाजाला आकडा थांबतो. तुमची नजर विडीवर असली तरी कानाला कळतं, बरोबर चाललंय की नाही. मग विचारा, ‘किती झाले?’ ती पुन्हा एकपासून मोजायला लागली तर समजा, शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून, हे अजून बसलेलं नाही. दोन-चार दिवस तीनच वाट्या ठेवा.

लिहायची घाई नको. पेन्सिल धरायला बोटांत जोर लागतो आणि तो पीठ मळून येतो. ज्वारीचं पीठ इथे उपयोगाचं नाही. त्याला चिवटपणा नसतो, गोळा भेगाळतो. एक वाटी कणीक, पाव वाटी मीठ, एक चमचा तेल, आणि पाणी चमच्याचमच्यानं, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट होईल एवढंच. मिठामुळे गोळा दोन-तीन दिवस टिकतो. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात उघडा राहिला तर बघता बघता वरून कडक होतो, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. वास आला की टाकून द्या. हातावर खरचटलं असेल त्या दिवशी देऊ नका, मीठ झोंबतं. आणि खायचा नाही, हे तिला बजावून सांगा.

हात गुंतलेले असले तरी तुमचं तोंड मोकळं आहे. कोडी घाला, गोष्ट अर्धी सोडून ‘पुढे काय झालं असेल?’ विचारा. या वयात याच्याइतकं मोलाचं शिक्षण दुसरं नाही.

प्रश्न: आमच्या घरी तेलुगू बोलतात. मुलगा घरी असला की त्याच्याशी मराठीतच बोला, नाहीतर मागे पडेल, असं आम्हाला सांगितलं. त्याच्या आजीला मराठी जेमतेम येतं. काय करावं?
(एक वडील, साखर पेठ)

आजीला तेलुगूतच बोलू द्या. मोडक्या मराठीत ती ‘ये, बस, खा’ एवढंच बोलेल; तेलुगूत ती गोष्ट सांगेल, कारण सांगेल, जुनी आठवण सांगेल. गोष्टीचा क्रम लावणं, ‘कारण’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’ वापरणं हे मूल एकदा एका भाषेत शिकलं की दुसरीत न्यायला वेळ लागत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय.

मराठीसाठी आठवड्याला पाच शब्द जोडीनं घ्या: पालु म्हणजे दूध, नीळ्ळु म्हणजे पाणी. शब्द घरात हाताळता येणाऱ्या वस्तूंचेच निवडा. एकाच वाक्यात दोन्ही भाषा आल्या तर टोकू नका. दोन भाषांत वाढणारी मुलं तसं बोलतातच.

प्रश्न: साथीत वजनकाटा घरोघरी नेता येत नव्हता तेव्हा काही ठिकाणी आयांना कुपोषण ओळखायची, दंडाचा घेर मोजणारी रंगीत पट्टी दिली, असं लेखात होतं. आमच्याकडे आया मोजतात, पण आज पिवळं, उद्या हिरवं येतं. आणि घरी दिलेलं धान्य मुलाच्याच पोटात जातं का?
(अंगणवाडी सेविका, मोहोळ तालुका)

रंग बदलतो तो जागा आणि ताण बदलल्यामुळे. डावा दंड घ्या, बाही पूर्ण काढा. कोपर दुमडून खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत सुतळी लावा, ती मधोमध दुमडा आणि जिथे मध्य येईल तिथे पेनाची खूण करा. आता हात सरळ, सैल खाली सोडायचा. पट्टी कातडीला टेकलेली हवी. खाली फट नको आणि कातडीला वळी पडेल इतकी घट्ट नको. मूल रडत असेल तर ते हात आखडतं, तेव्हा थांबा. पंधरा दिवसांनी मोजाल तेव्हा त्याच माणसानं मोजावं.

6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांसाठी 11.5 सेंटिमीटरच्या आत लाल, 11.5 ते 12.5 पिवळा, त्यापुढे हिरवा. लाल आला तर पुन्हा एकदा मोजा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवा. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहतोय का, तेही आयांना बघायला शिकवा. खळगा राहिला तर पट्टी हिरवी असली तरी थांबायचं नाही.

धान्याचं म्हणाल तर साथीच्या काळात 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं 3 ते 6 वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनांचा आहार मिळायला हवा होता. शिजवलेलं अन्न थांबून कोरडं धान्य घरी गेलं की ते घराच्या चुलीवर जातं आणि पाच-सहा ताटांत वाटलं जातं. काम बंद पडलेल्या घरात दुसरं काय होणार? आईला दोष देऊन उपयोग नाही. पाकीट देतानाच तिच्यासमोर मुलाचे चणे आणि डाळ वेगळ्या डब्यात काढून ठेवा. रोज रात्री मुलाच्या मुठीनं दोन मुठी चणे भिजत घाला, सकाळी मऊ शिजवा, लहानग्यासाठी कुस्करून वर चमचाभर तेल घाला. घरचं जेवण होण्याआधी हे मुलाला द्यायचं. पुढच्या भेटीत डबा किती रिकामा झालाय ते पाहिलंत की न विचारता कळेल.

प्रश्न: 2020 मध्ये मुलगा बालवाडीत जाणार होता, राहिलं. आता त्याला हातच्याची वजाबाकी जमत नाही. शिकवणी लावू का?
(एक वडील, जुळे सोलापूर)

आधी घरी पंधरा दिवस द्या. राज्यात पूर्वप्राथमिक वर्ग उघडायला परवानगी मिळाली ती जानेवारी 2022 मध्ये. वस्तू हातात घेऊन मोजायची त्याची वर्षं तशीच गेली आणि एकदम वहीतले आकडे समोर आले. त्याला बुद्धी कमी आहे असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

खराट्याच्या काड्या बोटाएवढ्या तोडा, दहा-दहाच्या जुड्या करून रबर लावा. 42 मधून 17 काढायचे तर त्याच्यापुढे चार जुड्या आणि दोन सुट्या ठेवा. सात सुट्या मागा. तो अडेल. अडू द्या, सांगू नका. एक जुडी सोडली की सुट्या बारा होतात, सात काढून पाच उरतात. राहिलेल्या तीन जुड्यांतली एक द्यायची, उरले 25. पहिला आठवडा वही उघडू नका. दुसऱ्या आठवड्यात काड्यांचं चित्र काढून, मग आकडे. आणि जुडीचं रबर दर वेळी त्यालाच काढू द्या.