बांधावरच्या वासाबद्दल

शिरपूर,
शनिवार, रात्री

प्रिय पोरा,

काल संध्याकाळी अरुणावतीच्या बांधावर मी गाडी थांबवली, तेव्हा तू हात मागे नेलास आणि म्हणालास, "काही नही आण्णा, बिडी व्हती." आर्मी मेडिकल कोअरमध्ये सतरा वर्षं काढलीत रे मी. बिडीचा वास कळतो, गांजाचाही कळतो. तिथंच बोललो असतो तर तू मान खाली घातली असतीस आणि विषय तिथंच संपला असता. म्हणून हे पत्र.

आधी माझी चूक सांगतो. पोलीस भरतीच्या तयारीच्या पहिल्या बॅचला मी तुम्हा सगळ्यांना ग्राउंडवर बसवून म्हणालो होतो, एक झुरका मारला की माणूस येडा होतो. ते खोटं होतं. तू ओढलास, येडा झाला नाहीस, आणि आण्णा सांगतात त्या सगळ्या थापाच, असा हिशोब तू लावला असशील. मीही तोच लावला असता. अफूच्या औषधांचा डोस जास्त झाला तर श्वास थांबून माणूस जातो, गांजाचं सहसा तसं होत नाही, हेही खरं आहे. एवढं कबूल केलं, आता बाकीचं ऐक.

तुमच्या कट्ट्यावर एक वाक्य फार चालतं. झाडपाला आहे, महादेवाचा प्रसाद आहे, त्यानं काय होणार? अरे, धोतराही महादेवालाच वाहतात. त्याचं बी खाऊन पाहायची कुणाची छाती होत नाही. मागे एका महाशिवरात्रीला दोन पोरं भांग पिऊन बसली. अर्धा तास काहीच चढलं नाही, म्हणून दुसरा ग्लास लावला. मग दोन्ही ग्लास एकदम अंगावर आले. मध्यरात्री त्यांना माझ्या ओट्यावर आणून टाकलं. एकाची नाडी धडधडायची थांबत नव्हती, दुसरा 'मी मेलो, मी मेलो' करत होता. ओढलेलं मिनिटांत डोक्यात जातं. पोटातून गेलेलं चढायला अर्ध्यापासून दोन तास घेतं, आणि उतरायला सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. एवढं साधं माहीत असतं तर ती रात्र त्यांच्यावर आली नसती. पहाटेपर्यंत मी दोघांच्या उशाशी बसून होतो, आणि खरं सांगू, पहिल्या दोन तासांत मलाही घाम फुटला होता.

तू म्हणशील, मी प्रॅक्टिस झाल्यावर ओढतो, धावण्याचा काय संबंध? गांजातला जो पदार्थ नशा आणतो, टीएचसी, तो चरबीत मुरतो. दारूसारखा रात्रीत धुऊन जात नाही. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा माग कित्येक आठवडे सापडतो. ओढल्यावर नाडी मिनिटाला वीस ते पन्नास ठोक्यांनी वाढते. त्यावर आपलं मे महिन्यातलं खान्देशचं ऊन धर. शिवाय तुम्ही त्यात सिगारेटचा तंबाखू मिसळता, म्हणजे फुप्फुसाला दोन्हीकडून मार. तुझे १६०० मीटर दिवाळीपासून अकरा सेकंदांनी मागे गेलेत. तू बुटांना दोष देत होतास, मीही नवे बूट घे म्हणालो होतो.

आणि लेखी? गांजानं डोकं शांत होतं, अभ्यास चांगला होतो, असं तुझा तो मित्र सांगतो. वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं, एवढंच. नवीन वाचलेलं साठवायचं जे काम मेंदू करतो, नेमकं तेच गांजा बिघडवतो. आग्रा रोडवर 'गांजावर गाडी शांत चालते' म्हणणाऱ्यांचंही तसंच. त्यांना ती शांत वाटते. ब्रेकवर पाय उशिरा पडतो, ते त्यांना कळत नाही.

"मी कधीबी सोडू शकतो आण्णा." हे तू अजून म्हणाला नाहीस, पण म्हणशील. ओढणाऱ्या दहांतल्या साधारण एकाला सवय जखडते, विशीच्या आत सुरू केलेल्यांत सहांतल्या एकाला. तू एकोणीसचा. दहांतले बाकीचे नऊ जण सुटतात, आणि कट्ट्यावर गप्पा मारायला तेच बसलेले असतात. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात चिडचिड होते, झोप उडते, जेवण जात नाही, विचित्र स्वप्नं पडतात. दोन आठवड्यांत बरंचसं ओसरतं. पण पोरं तिसऱ्या दिवशी पुन्हा ओढतात, राग शांत होतो, आणि म्हणतात, बघा, गांजा रागावर औषध आहे. अरे, तो राग गांजा सुटल्याचाच होता!

औषधाचं म्हणशील, तर गांजाच्या झाडातल्या सीबीडी नावाच्या पदार्थापासून बनलेलं औषध अमेरिकेत २०१८ साली लहान मुलांच्या काही दुर्मिळ, अवघड फेफऱ्यांसाठी मंजूर झालं. सीबीडीनं नशा येत नाही. मापून बनवलेल्या त्या औषधाचा आणि तुझ्या पुडीचा संबंध नाही.

आता जे लिहिताना माझा हात अडखळतोय ते. तुझ्या मामांचं तू मला एकदा रडत सांगितलं होतंस. कानात आवाज यायचे, घरच्यांवर संशय घ्यायचे, लोकांनी 'बाहेरचं आहे' म्हणून भगताकडे नेलं, आणि दवाखाना गाठेपर्यंत चार वर्षं गेली. असा आजार रक्ताच्या नात्यात असेल तर गांजानं तो उफाळण्याचा धोका वाढतो. कमी वयात सुरू केलं आणि रोज ओढलं तर आणखी. तुला होईलच असं मी म्हणत नाही, तशी धमकी एकदा देऊन झाली. पण बांधावर बसलेल्या पाच जणांत सर्वांत जास्त पणाला लागलेला तू आहेस, आणि हे त्या चौघांना माहीत नाही.

कायद्याचं थोडक्यात. एक किलोपर्यंत गांजा 'अल्प मात्रा' धरतात, म्हणून पोरांना वाटतं तेवढा चालतो. चालत नाही. त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सातपुड्याच्या बाजूला कुणी कापसाआड लावलेल्या झाडांवर राखण करायला रोजानं बोलावलं तर पाऊलही टाकू नकोस, लागवडीची शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. आणि मित्राची पिशवी तुझ्या डिक्कीत सापडली, तर 'माझी नाही' हे तुलाच पटवून द्यावं लागेल. पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी असते, हे तुला मी काय सांगू.

चौदा दिवस बंद करून बघ. जमलं तर जमलं. नाही जमलं तर १४४१६ वर फोन कर, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात. किंवा मला सांग, धुळ्याच्या सिव्हिलला मी बरोबर येतो. तुझ्या वडिलांना मी काही बोललेलो नाही. बोलायचं की नाही हे तू ठरव.

सोमवारी साडेपाचला ग्राउंडवर ये. झोप झाली नसेल तरी ये, धावू नकोस, नुसता बस. आणि स्टॉपवॉच तुझ्याकडेच राहिलंय, ते घेऊन ये. नव्या पोरांचा टाइम मी तीन दिवस मोबाइलवर मोजतोय, आणि चष्म्याशिवाय मला त्यातलं काही दिसत नाही.

तुझा,
आण्णा