सड्यावर रमणारा मुलगा आणि बारावी सायन्स

राजापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्सला ७१ टक्क्यांनी पास झाला. दोन वर्षं सुट्टी लागली की सायकल काढून कातळशिल्पं (उघड्या खडकावर कोरलेली जुनी चित्रं) बघत सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर, असतो. आता इतिहासच शिकणार म्हणतो. "त्याचे बाबा त्याच्याशी बोलेनासे झालेत. सायन्स वाया जाणार का? यात पोट भरतं का?" असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

सायन्स सोडायची गरजच नाही. तुमच्या मुलाला जे ओढ लावतंय ते पुरातत्त्व आहे, आणि तिथे सायन्सवाले हवेच असतात. कशेळी गावच्या कातळावरचा तो प्रचंड हत्ती आणि त्याच्या अंगात कोरलेले प्राणी त्याने पाहिलेच असतील. ते किती जुने? कातळावरच्या रेषेत सेंद्रिय काही उरत नाही, त्यामुळे कार्बन पद्धतीने तिचं वय थेट काढता येत नाही. मग जांभा कसा झिजतो, आसपास दगडी हत्यारं कुठली सापडतात, यावरून अंदाज बांधावा लागतो. देवाचे गोठणे गावी कातळावर होकायंत्राची सुई भरकटते, ती का, हा तर सरळ भूशास्त्राचाच प्रश्न. म्हणून त्याला भूशास्त्र किंवा भूगोल घेऊन बी.एस्सी. करू द्या. इतिहासाचं वाचन घरी चालूच राहील.

पुढे पुण्याचं डेक्कन कॉलेज. तिथला पुरातत्त्व विभाग पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी १९३९ पासून उभा केला. तिथल्या पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. त्यानंतर ग्रेटर नोएडाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संस्थेत दोन वर्षांची पदविका असते. विद्यावेतन मिळतं, पण जागा मोजक्या.

आता पोटाचं. सरकारी जागा कमी निघतात, वाट बघावी लागते. हे बाबांना आजच सांगा, लपवू नका. पण २०२२ मध्ये कोकणची कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली आणि २०२५ मध्ये सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग जागतिक वारसा झाले. नोंदी, नकाशे, जतन, संग्रहालय, माहीतगार वाटाड्या, ही कामं इथेच, आपल्या जिल्ह्यांत आहेत. ड्रोन आणि संगणकावरचे नकाशे ज्याला येतात त्याला काम आधी मिळतं. तीन वर्षांत त्याने ते शिकावं, आणि मोडी लिपीही. दापोलीजवळ पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत. बौद्धांनी कोरायला घेतली आणि पुढे नाथपंथीयांपर्यंत वापरात राहिली. कोकणच्या शिलाहार राजघराण्याचा ११३९ चा ताम्रपटही तिथलाच. असं काही हाती आलं तर ते वाचायला संस्कृत लागतं. माझ्या मते ही कच्ची बाजू त्याने आत्तापासूनच भरून काढावी.

आणि एक काम आजपासून. त्याच्या वहीत प्रत्येक शिल्पाची जागा, माप, दिशा, तारीख असू दे. चिरेखाणी सड्यावर सरकतायत, उद्या ते चित्र तिथे असेलच असं नाही. फक्त फोटो चांगला यावा म्हणून रेषांत खडू किंवा चुना भरू नको, एवढं त्याला बजावा.